वन्यजीव रेखाटनाची सवय: जवळची जागा, छोटी वही आणि ठरलेली वेळ

वन्यजीवांची रेखाटने करण्याची हौस असणाऱ्या माणसाची वही अर्ध्यावर सुटते, त्याचे कारण बहुधा आळसात नसून विषयाच्या निवडीत असते. वही विकत घेताना डोळ्यांसमोर वाघ, गवा किंवा धनेश असतो. पण ताडोबाची सहल वर्षातून फार तर एकदा घडते, जुलै ते सप्टेंबर या काळात तिथले गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते आणि जिप्सीतून दिसलेला वाघ कागदावर उतरण्याआधीच झाडीत निघून जातो. मधले महिने इतरांच्या छायाचित्रांवरून चित्रे काढण्यात जातात, त्यांचा कंटाळा येतो आणि वही कपाटात जाते. सवय लावायची असेल तर आठवड्यातून चार वेळा सहज दिसणारा प्राणी निवडावा लागतो. म्हणून या लेखातील मांडणी साळुंकी, खार, सरडा, वंचक बगळा अशा शेजाऱ्यांना धरून केली आहे. जंगलाचा विचार अगदी शेवटी येईल.

आधी जागा, मग साहित्य

घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असलेली, बसायला कठडा, पायरी किंवा दगड असलेली आणि प्राणी स्वतःच्या कामासाठी येतात अशी एक जागा प्रथम निश्चित करावी. तलावाचा काठ, खाडीलगतचा रस्ता, टेकडीची पायवाट, गावाबाहेरचा ओढा, गोठ्यामागचा उकिरडा किंवा सोसायटीची गच्ची यांपैकी काहीही चालते. पुणेकरांना पाषाण तलाव किंवा वेताळ टेकडी, कोल्हापूरकरांना रंकाळा, नागपूरकरांना अंबाझरी आणि ठाणे-ऐरोलीच्या रहिवाशांना खाडीकिनारा उपलब्ध आहे. तथापि जागा प्रसिद्ध असण्यापेक्षा ती जवळ असणे अधिक महत्त्वाचे आहे. आवारात फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर दुसरीकडे जाण्याची गरजच नाही, कारण तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या आणि नशिबात असेल तर हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षीही त्या एकाच झाडावर भेटतो.

रेखाटनाला सुरुवात करण्यापूर्वी तीन-चार वेळा तिथे नुसते बसावे आणि कोणता प्राणी किती वाजता येतो, कुठे थांबतो, ऊन कोणत्या बाजूने पडते हे पाहून ठेवावे. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर हालचाल अधिक असते, शिवाय तिरप्या उन्हात शरीराची गोलाई स्पष्ट दिसते. सूर्य पाठीशी राहील अशी बैठक निवडावी. सोसायटीचे सुरक्षारक्षक, माळी, गुराखी यांच्याशी ओळख करून घेणे दुहेरी उपयोगाचे आहे: पिंगळा दिवसा कोणत्या ढोलीत बसतो हे त्यांना अनेकदा पक्षीनिरीक्षकांपेक्षा चांगले ठाऊक असते, आणि दुर्बीण लावून इमारतींच्या दिशेने पाहणाऱ्या माणसाबद्दल शंका येण्याआधीच खुलासा झालेला बरा.

साहित्य मुद्दाम थोडके ठेवावे. ए५ आकाराची, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटरची, कडक पुठ्ठ्याची वही एका हातात मावते आणि उभ्यानेही वापरता येते. पेन्सिल आणि पातळ रंगाचा एखादा हात यासाठी १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. जलरंग नियमित वापरायचे असतील तर २०० किंवा त्याहून जाड घ्यावा. एक २बी आणि एक ४बी पेन्सिल, एक साधे बॉलपेन, शार्पनर आणि वाऱ्यात पाने धरून ठेवणाऱ्या दोन क्लिपा, एवढ्यावर वर्ष निघते. खोडरबर घरी ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी काढली की पहिली किती चुकली ते दिसते. खोडले की ती माहिती नाहीशी होते आणि तेवढ्यात पक्षीही उडालेला असतो. महागडी वही घेऊ नये, कारण तिचे पान वाया जाईल या भीतीने हात आखडतो.

दुर्बीण असल्यास ८×४२ ही मापे सोयीची ठरतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास सांगतो. रेखाटन करताना दुर्बीण बऱ्याचदा एकाच हाताने धरावी लागते आणि दहा पट मोठ्या प्रतिमेत हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते, म्हणून आठ पट पुरे. दुर्बीण नसेल तर जवळ येणारे विषय निवडावेत; त्यासाठी छंद अडून राहण्याचे कारण नाही.

वेळ कशाला तरी बांधावी

"रोज सकाळी तासभर" असा संकल्प नोकरी करणाऱ्या माणसाकडून फार काळ पाळला जात नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटे आणि रविवारी एक लांब बैठक, असा बेत व्यवहार्य ठरतो. ही पंधरा मिनिटे आधीपासून होत असलेल्या एखाद्या गोष्टीला जोडावीत: सकाळच्या फेरफटक्यातील परतीचा टप्पा, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवल्यानंतरचा वेळ किंवा गॅलरीतील चहा. वही आणि पेन्सिल चपलांच्या कपाटावर किंवा रोजच्या पिशवीत असावी, कारण ती शोधावी लागली तर पंधरातली पाच मिनिटे तिथेच जातात.

जागेवर पोहोचताच पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ठिकाण, आभाळाची स्थिती आणि वारा यांची नोंद करावी. कोऱ्या पानाचा धाक या चार शब्दांनी जातो, आणि त्या दिवशी एकही प्राणी दिसला नाही तरी पान रिकामे राहत नाही.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात बसलेले किंवा झोपलेले प्राणी घ्यावेत. रवंथ करणारी म्हैस, सावलीतला कुत्रा, शेळी, वळचणीचे पारवे यांना वन्यजीव म्हणता येत नाही हे खरे. परंतु चितळाच्या मागच्या पायाची ठेवण समजून घेण्यासाठी शेळीइतका सहज मिळणारा नमुना नाही. या आठवड्यात फक्त तीन गोष्टींकडे पाहावे: कण्याची मुख्य रेषा कशी जाते, डोक्याच्या तुलनेत धड किती पट लांब आहे आणि पाय जमिनीला कुठे टेकतात. डोळे, केस, ठिपके यांना हातही लावू नये.

दुसरा आठवडा पूर्णपणे वंचकासाठी ठेवावा. काही भागांत ढोकरी म्हणून ओळखला जाणारा हा मातकट बगळा जवळपास प्रत्येक तळ्याकाठी, ओढ्यात आणि भातखाचरात असतो, आणि मासे-बेडकांची वाट पाहत कित्येक मिनिटे एकाच जागी उभा राहतो. नवशिक्यासाठी याहून सोयीचा रानपक्षी मला तरी माहीत नाही. प्रथम पानावर फक्त धडाचा कल दाखवणारी एक तिरकी रेघ काढावी. तिच्यावर अंड्याच्या आकाराचे धड बसवावे, मग डोक्याचा छोटा गोल आणि त्यातून चोचीची दिशा दाखवणारी रेघ घ्यावी. मान शेवटी काढावी, कारण ती सतत बदलत असते. बगळ्याची मान गोलाकार वळणाची समजून काढली की हमखास चुकते. मानेच्या सहाव्या मणक्याची रचना वेगळी असल्यामुळे ती एका ठिकाणी कोपरासारखी दुमडते, आणि तो कोन नेमका पकडला की बाकीचे चित्र ढोबळ असले तरी पक्षी ओळखू येतो. पाय धडाच्या कोणत्या भागाखालून निघतात ते तपासावे. तोल जाऊन पक्षी पुढे पडेल असे चित्रात वाटत असेल तर पाय बहुधा फार मागे गेलेले असतात.

वंचक उडाला की त्याच्या पाठीकडे पाहावे. बसलेला असताना मातीत मिसळून जाणारा हा पक्षी पंख उघडताच पांढराशुभ्र दिसतो. उडताना सगळे बगळे मान आखडून घेतात, तर चित्रबलाकासारखे करकोचे ती पुढे ताणून धरतात. त्यामुळे उडत्या पक्ष्याचे तीन रेघांचे चित्रसुद्धा पुढे ओळख पटवायला उपयोगी पडते.

तिसऱ्या आठवड्यात हालणारे विषय घ्यावेत आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. साळुंकी, धोबी, खार, बुलबुल यांच्यापैकी कोणीही दहा सेकंद स्थिर राहत नाही. उपाय असा की एका पानावर एकच चित्र काढण्याचा हट्ट सोडावा. प्राणी मान वळवतो, त्या क्षणी पहिले रेखाटन अर्धे सोडून शेजारी दुसरे सुरू करावे. तो खाली वाकला की तिसरे. प्राण्यांच्या हालचाली पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने होतात. खार खाण्यासाठी मागच्या पायांवर बसते, शेपटी झटकते, खोडावर उलटी उतरते आणि परत बसते. ती पहिल्या स्थितीत आली की पहिल्या रेखाटनाकडे परत यावे आणि त्यात भर घालावी. अर्ध्या तासात पानावर सहा-सात अपुरी चित्रे असतील, त्यांतील एखादे जवळजवळ पूर्ण झालेले असेल. कोतवाल आणि वेडा राघू यांची सवय तर याहून सोयीची आहे, कारण ते किडा पकडून वारंवार त्याच तारेवर किंवा फांदीवर परत येतात. फांदी आधीच काढून ठेवावी.

चौथा आठवडा स्मरणशक्तीचा. प्राण्याकडे पंधरा सेकंद एकटक पाहावे, डोळे मिटून ती आकृती मनात एकदा फिरवावी आणि मग वर न बघता कागदावर काढावी. काढून झाल्यावर पुन्हा पाहून तुलना करावी आणि जे आठवले नाही तेच पुढच्या पंधरा सेकंदांत पाहावे. शेपटी पंखांच्या टोकांच्या किती पुढे जाते, डोळा चोचीच्या रेषेत आहे की वर, असे नेमके प्रश्न मनात घेऊन पाहिले की पाहण्याला दिशा मिळते. वर-खाली मान करत ओढलेल्या रेघांपेक्षा या रेघा थोड्या चुकीच्या पण जिवंत असतात. पुढे जंगलात, जिथे दर्शन काही सेकंदांचेच असते, तिथे हाच सराव कामाला येतो.

थोडे शरीरशास्त्र

रोजच्या रेखाटनाला जोडून शरीररचनेच्या दोन-चार गोष्टी माहीत असल्या तर चुका लवकर कमी होतात. पक्ष्याचा मागे वळलेला गुडघा म्हणून जो दिसतो तो प्रत्यक्षात घोटा असतो; खरा गुडघा पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो. कुत्रा, चितळ, बिबट्या यांच्या मागच्या पायातील मागे आलेला कोपरा म्हणजे टाच. हे एकदा डोक्यात बसले की पाय बसवताना अंदाज करावा लागत नाही.

पिसे एकेक काढण्याच्या फंदात पडू नये. मिटलेल्या पंखात लहान पिसांचे एकावर एक चढलेले थर आणि त्यांच्याखालून निघणारी लांब उड्डाणपिसे एवढे गट दिसतात. त्या गटांच्या कडा चार-पाच रेघांत दाखवल्या की पुरे. पंजांची बोटे मात्र मोजावीत. साळुंकी, बुलबुल, चिमणी यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, तर तांबट, पोपट, सुतार आणि भारद्वाज यांची दोन पुढे, दोन मागे. खारीच्या पाठीवरचे पट्टे तीन आहेत की पाच, हेही मोजून लिहावे, कारण तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची खार या वेगळ्या जाती आहेत.

रंग नंतर, पण नोंद लगेच

जागेवर रंगकाम करण्याचा मोह पहिले काही महिने टाळावा. त्याऐवजी रेखाटनातून बाण काढून शब्दांत लिहावे: "पाठ ओल्या मातीची, पोट फिकट, चोचीचे टोक काळे". रंग शब्दांत लिहिताना तो अधिक काळजीपूर्वक पाहिला जातो. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर सावलीत काळा दिसतो आणि ऊन पडताच जांभळा-निळा चमकतो, कारण ती चमक रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणून रंगाशेजारी प्रकाशाची नोंद नसेल तर ती अर्धीच ठरते.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी हलका हात द्यावा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून उष्ण तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंतच्या छटा मिळतात. त्यांत यलो ऑकर मिळवला की साळुंकी, वंचक, खार, होला, म्हैस एवढ्यांचे काम होते. पूर्ण रंगपेटी उघडण्याची गरज पोपट आणि खंड्या आले की पडेल.

वर्षाचा क्रम

एकच जागा धरून राहिल्याने कंटाळा येईल ही भीती पहिल्या ऋतुबदलापर्यंतच टिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की मैना, बुलबुल, सूर्यपक्षी आणि खारी फुलांवर गर्दी करतात. पाने झडलेली असल्याने फांदीवरचा पक्षी अडथळ्याविना दिसतो. हे दोन महिने रेखाटनासाठी सर्वोत्तम आहेत, असे म्हणायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये बागेतील सरड्याच्या नराची मान आणि डोके लालसर होऊ लागते आणि तो कुंपणावर बसून पुढच्या पायांवर शरीर वर-खाली करतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर याच दिवसांत गळ्याचा निळा-नारिंगी पंखा फुलवणारे सरडे पाहायला मिळतात.

पावसाच्या तोंडाशी गायबगळ्यांचे डोके आणि मान केशरी होते, वंचकाच्या पाठीवर तांबडसर जांभळट पिसे येतात आणि पिवळ्या टोपीचे सुगरण नर घरटी विणू लागतात. पावसाळ्यात वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर कागद दमट होऊन पेन्सिलचे टोक त्यात रुतते आणि रंग वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत बॉलपेन वापरावे आणि गॅलरीतून दिसणारे बेडूक, गोगलगायी, भिजलेले कावळे हे विषय घ्यावेत. पाऊस ओसरल्यावर फुलपाखरे वाढतात. हिवाळ्यात एखादा रविवार उजनीच्या फुगवट्यावरील भिगवणसाठी किंवा नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरसाठी राखून ठेवावा. रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे आणि बदकांचे थवे तिथे निवांत चरतात आणि एकाच जातीचे अनेक पक्षी एकाच वेळी वेगवेगळ्या स्थितींत दिसत असल्याने एका पक्ष्यावर सुरू केलेले चित्र दुसऱ्यावरून पुरे करता येते.

छायाचित्रे, संग्रहालये आणि पिंजरे

मोबाइलने छायाचित्र जरूर काढावे, पण रेखाटन झाल्यानंतर. आधी छायाचित्र काढले की "घरी जाऊन पाहू" या विचाराने नजर सैल पडते. घरी छायाचित्रावरून केलेली भर वेगळ्या रंगाच्या पेनाने करावी, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेले काय आणि पडद्यावरून घेतलेले काय हे कायम वेगळे राहते. इतरांच्या छायाचित्रांवरून केलेले चित्र सरावापुरते ठीक आहे. ते प्रदर्शनात लावायचे किंवा विकायचे असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घेणे आवश्यक आहे.

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा निसर्गविभाग पावसाळी रविवारी उपयोगी पडतो. पेंढा भरलेले नमुने हलत नाहीत, त्यामुळे पिसांचे गट, नख्या आणि चोचीचे सांधे निवांत अभ्यासता येतात. त्यांची उभे राहण्याची ढब मात्र जशीच्या तशी उचलू नये, कारण ती भरणाऱ्या कारागिराने ठरवलेली असते. राणीच्या बागेत किंवा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मोठे सस्तन प्राणी जवळून काढता येतात. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा प्राणी चित्रकाराला सोयीचा असतो, पण अशा येरझाऱ्या हे अनेकदा बंदिवासातील ताणाचे लक्षण असते, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे आणि नोंदवहीतही लिहावे.

अंतर आणि कायदा

चित्र काढणाऱ्याने जागेवर बसावे आणि प्राण्याला जवळ येऊ द्यावे. पुढे सरकत जाऊ नये. चरणारा पक्षी चरणे थांबवून मान वर करतो, तेव्हाच अंतर कमी झालेले असते. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरू लागली तर उघड्या जमिनीवरची तिची अंडी किंवा पिल्ले जवळ आहेत असे समजून आल्या पावली मागे फिरावे. उन्हाळ्यात तिला अंड्यांवर सावली धरावी लागते आणि आपण तिथे बसून राहिलो तर अंडी तापतात. विणीच्या काळात घरट्याचे चित्र दुर्बिणीतून, तेही थोडक्यात काढावे. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. सापडलेली पिसे, शिंगे, कवट्या यांचे चित्र काढून त्या जिथे आहेत तिथेच सोडून द्याव्यात, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांचे अवशेष जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकतो.

जंगलात गेल्यावर

एवढ्या तयारीनंतर भीमाशंकरला शेकरू किंवा ताडोबाला वाघ दिसला तर काय करावे हे वेगळे शिकावे लागत नाही. धावत्या जिप्सीत रेघ सरळ येत नाही, म्हणून वाहन थांबेपर्यंत फक्त पाहावे आणि थांबल्यावर ४बी पेन्सिलने अंगठ्याएवढी चित्रे काढावीत. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसलेला वाघ बराच वेळ एका जागी राहतो. तोही नाही मिळाला तर वानरे, चितळ आणि मोर सगळीकडे आहेत, आणि गाडीतले इतर प्रवासी त्यांच्याकडे पाहत नसल्याने आपल्याला जागा मोकळी मिळते. वाहनातून उतरणे, चालकाला जवळ जाण्याचा आग्रह करणे किंवा रेखाटनासाठी मोठ्याने बोलणे टाळावे. मुक्कामी परतल्यावर झोपण्यापूर्वी त्या दिवसाची स्मरणचित्रे काढून टाकावीत. दुसऱ्या दिवशीच्या फेरीनंतर आदल्या दिवसाचे तपशील मिसळतात.

खंड पडला तर

परीक्षा, आजारपण, लग्नसराई, कामाचा ताण यांमुळे खंड पडणारच. राहिलेल्या दिवसांची भरपाई करण्याच्या नादाला लागू नये. वहीत एक आडवी रेघ मारून नवी तारीख घालावी आणि पहिल्या आठवड्याप्रमाणे बसलेल्या प्राण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. दोन-तीन बैठकांत हात पूर्वपदावर येतो. दर तीन महिन्यांनी जुनी पाने एकदा उलटून कोणता प्राणी टाळला गेला आहे ते पाहावे. बहुतेकांच्या वह्यांत पुढून पाहिलेले चेहरे आणि उडणारे पक्षी कमी असतात, कारण ते अवघड असतात. पुढच्या तिमाहीतील एक वार फक्त त्यांच्यासाठी ठेवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर तसे लिहून ठेवावे.